वारसा रक्ताचा की ऋणाचा?

जुन्या मुंबईचा इतिहास चाळताना 'सर' ही उपाधी धारण करणारी माणसे पावलोपावली भेटतात. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, सर नारायण चंदावरकर, सर जमशेटजी जीजीभॉय ही नावे आपण एका दमात घेतो. परंतु या 'सर'मध्ये एक मोठा भेद दडलेला आहे आणि तो सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. भांडारकरांना ही उपाधी त्यांच्या विद्वत्तेमुळे मिळाली आणि १९२५ साली ते निवर्तले तेव्हा ती त्यांच्याबरोबरच संपली. जमशेटजींची उपाधी मात्र १८५९ साली त्यांच्या निधनाने संपली नाही. ती त्यांच्या ज्येष्ठ पुत्राकडे गेली आणि तेथून पुढे पिढ्यान् पिढ्या चालत राहिली. भांडारकर 'नाइट' होते, तर जमशेटजी 'बॅरोनेट' होते. नाइटचा मान व्यक्तीला मिळतो, बॅरोनेटचा मान घराण्याला मिळतो.

मानाची ही दुसरी रीत आम्हांला अनेक दिवस विचारात पाडत आली आहे. एका माणसाच्या कर्तृत्वाबद्दल दिलेला सन्मान त्याच्या पणतवाला केवळ त्या कुळात जन्मल्यामुळे मिळावा, हे न्याय्य आहे काय? आणि त्याहून खोल असा प्रश्न हा की, पूर्वजांकडून वंशजाकडे खरोखर येते ते काय? धन येते, घर येते, चेहरेपट्टी येते, काही रोगही येतात. मोठेपणा येतो काय? ब्रिटनमधील बॅरोनेट घराण्यांचा चारशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाचा विचार करण्यास फार सोयीचा आहे, कारण तेथे या गोष्टीचा निवाडा वेळोवेळी राजसनदांनी, न्यायालयांनी आणि अलीकडे प्रयोगशाळेनेही केला आहे.

प्रथम या पदाचा जन्म कसा झाला ते पाहू. २२ मे १६११ रोजी राजा पहिला जेम्स याने बॅरोनेट हे पद निर्माण केले. आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात वसाहत टिकवण्यासाठी त्याला सैन्य हवे होते आणि खजिना रिकामा होता. म्हणून त्याने खानदानी, वर्षाला किमान एक हजार पौंड उत्पन्न असलेल्या जमीनदारांपुढे एक व्यवहार मांडला. प्रत्येकाने तीस शिपायांचा तीन वर्षांचा खर्च द्यावा आणि त्याबदली वंशपरंपरागत 'सर' व्हावे. शिपायाचा रोजचा खर्च आठ पेन्स. तीस शिपायांचे दोनशे चाळीस पेन्स, म्हणजे बरोबर एक पौंड रोज. तीन वर्षांचे झाले १,०९५ पौंड. हीच त्या पदाची किंमत ठरली. बॅरोनेटच्या ढालीवर अल्स्टरचा लाल पंजा रंगवतात, तो या व्यवहाराची आठवण म्हणून.

पुढे १६२५ साली पहिल्या चार्ल्सने नोव्हा स्कॉशियाची, म्हणजे अमेरिका खंडातील एका वसाहतीची, बॅरोनेटपदे काढली. तेथील जमीन ज्यांना दिली गेली त्या स्कॉटिश गृहस्थांना समुद्र ओलांडण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून एडिंबरोच्या किल्ल्यावरील जागा कायद्याने नोव्हा स्कॉशिया मानली गेली. तेथेच मूठभर माती आणि दगड हाती घेऊन ताबा घेतल्याचा विधी उरकता येई. विसाव्या शतकात तर या व्यवहाराला बाजाराचे रूप आले. १९१६ ते १९२२ या काळात लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना मध्यस्थांमार्फत किताब विकले जात. नाइटपदाला सुमारे दहा हजार पौंड आणि बॅरोनेटपदाला तीस हजारांच्या वर असा भाव सांगितला जाई. अखेर १९२५ साली या विक्रीला आळा घालणारा कायदा करावा लागला.

हे सारे सांगण्यात कोणाची कुचेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. कर्तृत्ववान डॉक्टर, शास्त्रज्ञ, सेनानी आणि दानशूर व्यापारीही बॅरोनेट झाले आहेत. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की, ज्या मानाला पुढे 'रक्तातला' म्हणून मिरवले गेले तो मूळ ठिकाणी अनेकदा हिशेबवहीतला होता. आजोबांनी पैसे मोजले, वडिलांनी ते विसरण्याचा प्रयत्न केला आणि नातवाला खरोखरच वाटू लागले की आपण जन्मतःच वेगळे आहोत. जगातील बहुतेक कुळांचा अभिमान याच वाटेने वाढलेला असतो. काळ गेला की किमतीची चिठ्ठी गळून पडते आणि वस्तू तेवढी राहते.

आता या पदाचा वारसा कसा ठरतो ते पाहू. बॅरोनेट हा उमराव नव्हे. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याला कधीही जागा नव्हती. पदाबरोबर जमीन, वेतन वा अधिकार येत नाही. येते ते नावाआधीचे 'सर', पत्नीसाठी 'लेडी' आणि समारंभातील मानाचे स्थान. ते कोणाकडे जावे हे मूळ राजसनदेत लिहिलेले असते आणि बहुतेक सनदांची भाषा एकच असते: प्रथम धारकाच्या देहापासून झालेले औरस पुरुष वारस. या चार-पाच शब्दांत किती माणसे दाराबाहेर राहतात ते पाहण्यासारखे आहे. मुलगी वारस होत नाही, मग ती एकुलती एक का असेना. मुलीचा मुलगा होत नाही. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला मुलगा होत नाही. दत्तक घेतलेला, मांडीवर वाढवलेला मुलगाही होत नाही. परंतु कधी तोंडही न पाहिलेला, दूर देशी राहणारा चुलत चुलतभाऊ वारस होतो. १९१० च्या राजाज्ञेनुसार बॅरोनेटांची एक अधिकृत नोंदवही ठेवली जाते. जन्ममृत्यूचे आणि विवाहाचे दाखले देऊन त्यात नाव लागल्याशिवाय सरकारदरबारी कोणी बॅरोनेट मानला जात नाही.

काही जुन्या स्कॉटिश सनदा मात्र स्त्रीलाही वाट देतात. त्यामुळे चार शतकांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या स्त्रिया स्वतःच्या हक्काने या पदावर आल्या. त्यांतील डेम अ‍ॅन मॅक्सवेल मॅक्डोनल्ड यांनी १९६६ साली पोलॉक येथील आपले पिढीजात घर आणि विस्तीर्ण बाग ग्लासगो शहराला देऊन टाकली. त्यांचे बॅरोनेटपद मान्य झाले ते २००५ साली, वयाच्या नव्वदीनंतर. २०११ मध्ये त्या निवर्तल्या. देण्याची बुद्धी आधी आली आणि किताब चाळीस वर्षांनी मागाहून आला, हा क्रम आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. २०१३ च्या कायद्याने ब्रिटनच्या राजगादीसाठी मुलगा आणि मुलगी समान मानली गेली. राजघराण्यातील व्यक्तीने कॅथलिक जोडीदाराशी विवाह केल्यास वारसा गमावण्याची जुनी अटही त्याच कायद्याने गेली. बॅरोनेटपदे मात्र त्या कायद्याच्या कक्षेत आली नाहीत.

आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे हे पद नाकारता येत नाही. उमरावपदाचा त्याग करण्याची मुभा १९६३ च्या कायद्याने दिली, पण ती बॅरोनेटांना लागू नाही. पर्यावरणवादी जोनाथन पॉरिट आणि लेखक फर्डिनंड माउंट या दोघांना वारशाने हे पद आले. त्यांनी 'सर' लावणे तेवढे सोडून दिले. जो मान आपण कमावला नाही तो मिरवू नये, ही भावना त्यामागे असेल तर ती आम्हांला आदरणीय वाटते. परंतु सनदेच्या दृष्टीने ते बॅरोनेटच. मनुष्य आपल्या जन्माचा राजीनामा देऊ शकत नाही, हेही त्यातून दिसते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. ५ जानेवारी १६८३ रोजी दुसऱ्या चार्ल्सने स्कॉटलंडमधील स्टिचिल येथील रॉबर्ट प्रिंगल यांना बॅरोनेट केले. त्या परंपरेतील दहावे बॅरोनेट म्हणून सर स्ट्युअर्ट प्रिंगल ओळखले जात. ते रॉयल मरीन्स या दलाचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९८१ मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीने त्यांच्या मोटारीखाली लावलेल्या बाँबच्या स्फोटात त्यांचा एक पाय गेला. तरीही ते कामावर परतले आणि १९८४ पर्यंत त्यांनी आपले पद सांभाळले. अशा माणसाच्या नावाआधी 'सर' असणे शोभते, असेच कोणीही म्हणेल.

प्रिंगल कुळाचा प्रमुख कोण हे ठरवण्यासाठी कुळातील पुरुषांच्या डीएनएची तपासणी करण्याचा एक उपक्रम निघाला, तेव्हा सर स्ट्युअर्ट यांनी मोकळ्या मनाने आपला नमुना दिला. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. आठव्या बॅरोनेटचे नातू म्हणून ते ओळखले जात, परंतु त्या पुरुषाचे रक्त त्यांच्यात नव्हते. म्हणजे त्यांचे वडील हे आठव्या बॅरोनेटचे पुत्र नव्हते. सर स्ट्युअर्ट २०१३ मध्ये निवर्तले आणि त्यांचा ज्येष्ठ पुत्र व धाकट्या शाखेतील एक चुलते असे दोन दावेदार उभे राहिले. राणीने हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायमंडळाकडे सोपवला. २० जून २०१६ रोजी निकाल लागला. डीएनएचा पुरावा ग्राह्य आहे, सनदेत 'देहापासून झालेले' असे शब्द आहेत, म्हणून पद धाकट्या शाखेकडे जावे, असे न्यायमंडळाने सांगितले. इतक्या जुन्या गोष्टी उकरून काढण्याला काही कालमर्यादा असावी काय, हे ठरवणे आपले काम नव्हे, असेही त्यांनी नमूद केले.

कायद्याच्या दृष्टीने या निकालात आम्हांला दोष दिसत नाही. सनदेची भाषा स्पष्ट होती आणि सत्याला सामोरे जाणे न्यायासनाचे कर्तव्यच आहे. जो चुलता आपला हक्क मागत होता तोही अन्याय करीत नव्हता. तरीही मन अस्वस्थ होते. एक वृद्ध सेनानी आपल्या कुळाच्या प्रेमापोटी नमुना देतो आणि त्याच नमुन्याने त्याला त्या कुळाबाहेर काढावे! त्याची आजी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेलेली. तिच्या आयुष्यातील एक गुपित, ज्याबद्दल बोलायला ती उरली नाही, जगासमोर उघडे पडावे! ती फसवली गेली होती की चुकली होती, तिने किती सोसले होते, हे डीएनए सांगत नाही. तो फक्त रक्त जुळते की नाही एवढेच सांगतो. आणि जिने ते मूल वाढवले, ज्यांनी त्याला आपले नाव दिले, त्या वाढवण्याला आणि नाव देण्याला सनदेच्या भाषेत शून्य किंमत असते.

येथे आम्हा ख्रिस्ती वाचकांना एक वंशावळ आठवल्यावाचून राहत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या आरंभी अब्राहामापासून दावीदापर्यंत आणि दावीदापासून पुढे पिढ्यान् पिढ्या मोजत ती यादी योसेफापाशी येऊन थांबते. जो देहाने बाप नव्हता त्याच्यापाशी! योसेफाने बालकाचे नाव ठेवले, त्याला आपला म्हटले, आणि त्या नात्याने येशू दावीदाच्या घराण्याचा झाला. स्टिचिलच्या सनदेचा नियम बेथलेहेमच्या गोठ्याला लावला असता तर तो दावा फेटाळला गेला असता.

आपल्या देशालाही दत्तकाचे महत्त्व सांगावे लागत नाही. दत्तक पुत्र हा पूर्ण पुत्र, ही येथील राजकुळांची रीत होती. लॉर्ड डलहौसीने ती नाकारून १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. त्या काळी खुद्द इंग्लंडच्या कायद्यात दत्तकविधान नव्हतेच. ते तेथे १९२६ साली आले. तरीही बॅरोनेटपदाच्या बाबतीत दत्तक मूल आजही बाहेरच आहे.

मग वंशपरंपरा ही सर्वस्वी टाकाऊ गोष्ट मानावी काय? आम्हांला तसे वाटत नाही आणि प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतर कॅथलिकांवर दंड बसवले गेले, धर्मगुरूंना लपून मिस्सा अर्पण करावी लागली, आणि १८२९ पर्यंत कॅथलिकांना पार्लमेंटचे दार बंद होते. या अडीचशेहून अधिक वर्षांत जुना धर्म टिकला तो बव्हंशी काही खेडवळ जमीनदार घराण्यांच्या आश्रयाने. वॉरिकशायरमधील कॉफ्टनचे थ्रॉकमॉर्टन आणि हँपशायरमधील टिचबोर्न ही बॅरोनेट घराणी त्यांतलीच. धर्म बदलला असता तर दंड चुकला असता, मानाच्या जागा मिळाल्या असत्या. पण 'आमच्या घरात हे होत आले आहे' या एका वाक्याने पुढच्या पिढीला मागच्या पिढीशी बांधून ठेवले. घराण्याची आठवण माणसाला उद्धट करू शकते, तशी ती त्याला घसरण्यापासून सावरूही शकते. 'माझ्या आजोबांनी असे केले नसते' असे म्हणून वाईट गोष्टीपासून मागे फिरणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

या टिचबोर्न घराण्याची कथा मात्र विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाचे दोन्ही पैलू तिच्यात आहेत. १६२१ साली हे घराणे बॅरोनेट झाले. १८५४ मध्ये या घरचा वारस रॉजर रिओहून निघालेल्या 'बेला' जहाजाबरोबर समुद्रात नाहीसा झाला. त्याच्या आईने, लेडी हेन्रिएट हिने, पुत्राचा मृत्यू कधीच मान्य केला नाही. तिने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातील वॅगा वॅगा गावचा एक खाटीक 'मीच रॉजर' म्हणत पुढे आला. रॉजर पॅरिसमध्ये वाढलेला, येशूसंघीयांच्या स्टोनीहर्स्ट विद्यालयात शिकलेला. या गृहस्थाला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. तरीही पॅरिसच्या हॉटेलातील अंधाऱ्या खोलीत आईने त्याला 'माझा मुलगा' म्हणून ओळखले. घरात तेव्हा खरा बॅरोनेट होता तो रॉजरच्या धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर जन्मलेले एक तान्हे बाळ. १८७१ ते १८७४ या काळात आधी दिवाणी आणि मग १८८ दिवस फौजदारी खटला चालला. दावेदार हा लंडनच्या वॉपिंग भागातील आर्थर ऑर्टन ठरला आणि त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. हजारो गरीब माणसांनी त्याच्यासाठी वर्गणी दिली होती. १८९८ मध्ये तो दारिद्र्यात मेला, तेव्हा त्याच्या शवपेटीवर सर रॉजर टिचबोर्न हेच नाव कोरलेले होते.

एका किताबाने माणसांना किती वेड लावावे! आईने पुत्रशोकात स्वतःला फसवले, एका माणसाने आपले खरे नाव आयुष्यभर नाकारले, आणि घराण्याला एका अर्भकाचा हक्क राखण्यासाठी अपार खर्च सोसावा लागला.

परंतु याच घराण्याची दुसरी एक परंपरा आहे आणि ती बॅरोनेटपदाहून चारशे वर्षांनी जुनी आहे. आख्यायिका अशी सांगतात की, बाराव्या शतकात या घरची लेडी मॅबेला मृत्युशय्येवर होती. गावातील गरिबांना दरवर्षी अन्नदान व्हावे अशी इच्छा तिने पतीजवळ बोलून दाखवली. पतीने जळते लाकूड हाती घेऊन म्हटले, हे विझेपर्यंत तू जेवढ्या जमिनीला फेरी घालशील तेवढीचे उत्पन्न गरिबांचे. तिला उभेही राहवत नव्हते. ती रांगत निघाली आणि तिने तेवीस एकरांना फेरी घातली. त्या शेताचे नाव अजून 'द क्रॉल्स', म्हणजे रांगण्याचे शेत, असेच आहे. हे दान बंद पडले तर सात मुलांमागून सात मुली होतील, नाव बुडेल आणि घर कोसळेल, असेही ती सांगून गेली, असे म्हणतात. १७९६ साली वाटपाच्या दिवशी गर्दी आणि दंगा होतो म्हणून दान थांबवले गेले. १८०३ मध्ये घराचा काही भाग खरोखरच ढासळला. सातव्या बॅरोनेटला सात मुलगे होते, तर आठव्याला सात मुली झाल्या. घराण्याने घाबरून दान पुन्हा सुरू केले. शापावर विश्वास ठेवण्याची सक्ती आम्ही कोणावर करीत नाही. पण शापामागची नीती उघड आहे: जे घर गरिबांचा वाटा खाते ते टिकत नाही.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. १९६८ साली चौदावे बॅरोनेट सर अँथनी डाउटी-टिचबोर्न निवर्तले. मागे मुली होत्या, मुलगा नव्हता. ३४७ वर्षांचे बॅरोनेटपद त्या दिवशी संपले. परंतु घर आणि शेत मुलीच्या शाखेकडे गेले आणि त्यांच्याबरोबर मॅबेलाचे ऋणही गेले. आजही २५ मार्चला, पवित्र मरियेला देवदूताचा संदेश मिळाल्याच्या सणाच्या दिवशी, त्या घरासमोर पिठाची राशी ठेवली जाते, तिच्यावर आशीर्वाद मागितला जातो आणि परिसरातील रहिवाशांना माणशी एक गॅलन आणि मुलामागे अर्धा गॅलन पीठ मापून दिले जाते. ज्या मुलीला सनदेने वारस मानले नाही तिला मॅबेलाने वारस मानले. पीठ वाटण्यासाठी देहापासून झालेला पुरुष वारस लागत नाही. माप धरणारा हात आणि देण्याची इच्छा असली की पुरते.

येथे आम्ही पुन्हा मुंबईच्या जमशेटजींकडे येतो. बालपणी आईबाप गमावलेला आणि रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात उमेदवारी केलेला हा मुलगा चीनच्या व्यापारात अमाप धन मिळवून बसला. त्या व्यापारात अफूही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु त्याने ते धन मोकळ्या हाताने परत केले. १८४२ मध्ये तो पहिला भारतीय नाइट झाला आणि १८५७ मध्ये पहिला भारतीय बॅरोनेट. पदाचा डौल सांभाळता यावा म्हणून निधी ठेवला गेला आणि कायद्याने असे ठरवले गेले की, जो वारस होईल त्याने आपले जन्मनाव सोडून 'जमशेटजी जीजीभॉय' हेच नाव धारण करावे. मूळ पुरुषाची स्मृती राखण्याचा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण आईबापांनी हौसेने ठेवलेले आपले नाव ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवून यावे लागते त्या वारसाची आम्हांला थोडी करुणा येते.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अठराव्या कलमान्वये किताब देणे बंद केले आणि नागरिकांना परकीय राष्ट्राचा किताब स्वीकारण्यासही मनाई केली. आज मुंबईतील किती लोकांना विद्यमान बॅरोनेट कोण हे सांगता येईल? परंतु जे. जे. रुग्णालयात रोज येणारा रोगी आणि जे. जे. कला विद्यालयात शिकणारा विद्यार्थी ते नाव अजून उच्चारतो. जमशेटजींची पत्नी अवाबाई यांच्या देणगीने बांधलेला माहीमचा पूल १८४५ साली खुला झाला. बॅरोनेटपद येण्याच्या बारा वर्षे आधी! तेव्हापासून मुंबईहून वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला जाणाऱ्या भाविकांच्या किती पिढ्या त्या वाटेने कोरड्या पायांनी गेल्या असतील! त्यांपैकी एकाही भाविकाला जमशेटजींशी रक्ताचे नाते सिद्ध करावे लागले नाही. तरी त्या दानाचे वारस ते सारेच आहेत.

आम्हांला असे वाटू लागले आहे की, मान आणि ऋण या दोन गोष्टी आपण वारशाच्या एकाच पेटीत ठेवतो आणि तेथेच चूक होते. मान हा ज्याचा त्याला मिळावा आणि त्याच्याबरोबर शांतपणे संपावा. तो पुढे ढकलला की त्याचे प्रदर्शन होते, आणि त्याच्या राखणीसाठी आजींची गुपिते खणावी लागतात, मुलींना दाराबाहेर ठेवावे लागते. ऋण मात्र पुढे गेलेच पाहिजे. वडिलांनी कोणाचा वाटा कबूल केला होता, कोणाला दार उघडे ठेवले होते, कोणाचे चुकते करायचे राहून गेले होते, हा खरा वारसा. तो घेण्यास रक्त पुरेसे नाही आणि आवश्यकही नाही.

स्थळे पाहताना आपल्यातही घराण्याची चौकशी अजून होते. अमुक वंशातला, तमुक मोठ्या माणसाचा नातू, असे अभिमानाने सांगितले जाते. सांगावे. आजोबांविषयी अभिमान असणे पाप नव्हे. परंतु ते सांगणाऱ्याला कोणी जर पुढचा प्रश्न केला की, आजोबांनी सुरू केलेले कोणते काम आज तुमच्या हातून चालू आहे, तर त्याचे उत्तर तयार असावे. निदान आम्ही स्वतःला हा प्रश्न विचारून पाहिला. उत्तर देताना आमची जीभ अडखळली, हे येथे कबूल करणे आम्हांला योग्य वाटते.